भाडेकरूचा प्रश्न हा आंबेडकरी चळवळीचा प्रश्न आहे

१९६१ साली भारतातल्या शहरांत शंभरातली ५४ कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. २०११ च्या जनगणनेपर्यंत हा आकडा २८ वर आला. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालातच हे लिहिलेले आहे. पन्नास वर्षांपूर्वी भाडेकरूंची असलेली शहरे आज कागदावर घरमालकांची झाली आहेत. कुणीही वाचून म्हणेल, चांगलेच झाले की! लोकांना स्वतःची घरे मिळाली, भाड्याची कटकट गेली, देश पुढे गेला.

आमचे म्हणणे असे की आंबेडकरी तरुणांनी हा आकडा उलटून-पालटून पाहिला पाहिजे. या पन्नास वर्षांत मालकी वाढली, पण आपल्या वाट्याला आली ती बरीचशी कागद नसलेली मालकी. भाड्याची घरे आटली, त्यात जात न विचारता मिळणारी सरकारी घरे सगळ्यात आधी आटली. घर विकत घेण्याची ऐपत येईपर्यंत माणसाने कुठे राहायचे, हा प्रश्न सरकारने खाजगी घरमालकाच्या मर्जीवर सोडून दिला आहे. आणि तो घरमालक आडनाव विचारतो.

आधी 'स्वतःचे घर' म्हणजे काय ते पाहू. जनगणनेला दारात येणारा प्रगणक मालकीचा पुरावा मागत नाही. कुटुंबाने घर आमचे आहे, भाडे देत नाही असे सांगितले की 'स्वतःचे' अशी नोंद होते. खालची जमीन महापालिकेची, रेल्वेची की वनखात्याची, याने त्या रकान्यात फरक पडत नाही. त्यामुळे २०११ च्या जनगणनेत एक विचित्र गोष्ट दिसते. देशातल्या एकूण शहरी कुटुंबांपैकी ६९ टक्के स्वतःच्या घरात राहतात, आणि झोपडपट्टीतल्या कुटुंबांपैकी ७० टक्के! म्हणजे झोपडपट्टीत राहणारे लोक घराच्या मालकीत शहराच्या सरासरीच्याही किंचित पुढे आहेत. पाडकाम पथक आले की याच ७० टक्क्यांतल्या बहुतेकांना कोणत्या नावाने हाक मारली जाते ते वस्तीतल्या पोराला विचारा. मालक म्हणून नाही, अतिक्रमणधारक म्हणून.

गावात तर स्वतःच्या घराचा आकडा ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. पण आपल्या वाड्यातल्या माणसाकडे कागद काय असतो? बहुतेक वेळा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. तो कर आकारणीचा कागद आहे, त्याने जमिनीची मालकी सिद्ध होत नाही. अनेक गावांत आपली वस्ती मूळ गावठाणाच्या रेषेबाहेर आहे, कारण ती रेषा आखली गेली तेव्हाच आपल्याला बाहेर ठेवून आखली गेली. आता स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देतात, पण ते गावठाणातल्या घरांना. गायरानावर दोन-तीन पिढ्या राहणाऱ्यांना २०२२ च्या अखेरीस न्यायालयाच्या आदेशाचा हवाला देत अतिक्रमण काढण्याच्या नोटिसा आल्या. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच जमिनीच्या हक्कासाठी. रमाई आवास योजनेचे अनुदानही ज्याला स्वतःची जागा दाखवता येते त्याला सोपे, ज्याला दाखवता येत नाही तो तलाठ्याच्या आणि ग्रामसेवकाच्या टेबलांमध्ये फेऱ्या मारतो. ज्याला जागा नाही त्यालाच घराची गरज जास्त, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

हे सगळे आपल्या चळवळीला माहीत आहे. जमिनीचा पट्टा, झोपडीचा फोटोपास, घरकुलाचा हप्ता यासाठी आपले कार्यकर्ते आयुष्यभर लढले आहेत, आजही लढतात. त्या लढ्याबद्दल आम्हाला एक शब्दही कमी बोलायचा नाही. बोलायचे आहे ते दुसऱ्या बाजूबद्दल, म्हणजे भाड्याच्या घराबद्दल. त्यावर आपल्याकडे मोर्चा निघत नाही, ठराव होत नाही, जाहीरनाम्यात ओळ नसते.

भाड्याच्या घराशी आपले नाते जुने आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. पहिल्या महायुद्धानंतर विकास खात्याने बीडीडी चाळी उभ्या केल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. एक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. इंग्रज सरकारला मजुरांचा पुळका आला होता असे समजू नये. गिरण्यांना आणि गोदीला माणसे हवी होती, आणि गलिच्छ वस्त्यांतली रोगराई साहेबांच्या बंगल्यापर्यंत पोहोचू नये ही काळजी होती. तरीही एक गोष्ट घडली. कोकणातून, देशावरून आलेल्या महार कामगाराला डोक्यावर पक्के छप्पर मिळाले, भाडे घेणारा सरकारचा कारकून होता, आणि त्या कारकुनाला घर बाटण्याची भीती नव्हती.

जात तिथेही होतीच. इमारती जातीजातींनी वाटल्या गेल्या, नळावरची भांडणे झाली, आणि जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या याच बीडीडी चाळींत दंगल पेटली तेव्हा इमारत विरुद्ध इमारत असे ते युद्ध होते. दलित पँथरचे भागवत जाधव त्याच दिवसांत शहीद झाले. म्हणून या चाळींचे गोड चित्र रंगवायचे कारण नाही. पण त्या खोल्यांत जयंत्या झाल्या, वाचनालये चालली, रात्रशाळेत जाणारी पोरे वाढली. कामगार म्हणून आलेल्या माणसाची पुढची पिढी कारकून, शिक्षक, वकील झाली ती या १६० चौरस फुटांतून. खोलीचे भाडे परवडणारे होते आणि उद्या कुणी बाहेर काढील ही भीती नव्हती, हे त्यामागचे साधे कारण.

खुद्द बाबासाहेब परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळीत १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले. महाडचा सत्याग्रह, 'बहिष्कृत भारत', गोलमेज परिषद, पुणे करार हे सगळे त्या काळातले. दादरचे 'राजगृह' त्यानंतरचे. राजगृहाचा फोटो आपल्या घराघरांत आहे आणि तो असायलाच हवा. पण राजगृह उभे राहीपर्यंत देशातल्या अस्पृश्यांच्या नेत्याला जे घर होते ते सार्वजनिक मालकीचे भाड्याचे घर होते, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही.

बावीस वर्षांच्या या मुक्कामाच्या मधेच, १९१७ साली, बडोद्याचा प्रसंग घडला. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, संस्थानाच्या नोकरीत दाखल झालेला माणूस. त्याला शहरात कुणी खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावे लागले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला, आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडावी लागली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. मुंबईत सरकारी चाळीत ज्याला घर होते, त्यालाच बडोद्यात खाजगी दार उघडले नाही. एकाच माणसाच्या आयुष्यातली ही दोन शहरे शेजारी ठेवली की आमचा मुद्दा निम्मा सांगून होतो.

सरकारी भाड्याच्या घरांची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. महापालिकेच्या सफाई कामगारांच्या वसाहती. घर नोकरीला बांधलेले. बाप निवृत्त झाला किंवा मेला की खोली सोडायची, नाहीतर घरातल्या कुणीतरी झाडू हातात घ्यायचा. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसाला नोकरी मिळण्याची सोय झाली. अनेक कुटुंबांना तिचा आधार आहे, तेव्हा तो हक्क काढून घ्या असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण पदवी घेतलेला मुलगा खोली वाचवण्यासाठी गटारात उतरतो तेव्हा घरानेच जात टिकवलेली असते. म्हणून आम्ही सार्वजनिक भाड्याचे घर म्हणतो ते नोकरीला न बांधलेले.

मग ही घरे गेली कुठे? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण मालकाने दुरुस्ती बंद केली, भाड्यासाठी नवे बांधणे बंद केले आणि पगडी सुरू केली. पगडीची रक्कम एकरकमी मोजायची, आणि एवढी रोकड कुणाकडे असते ते वेगळे सांगायला नको. १९७३ साली कायदा दुरुस्त झाला आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्यानंतर मालक आणखी बिचकले, घरे कुलूपबंद ठेवणे त्यांना परवडू लागले. १९९९ च्या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सला जोर आला. आता बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांचा करार होतो आणि राहणाऱ्याला कायद्याने भाडेकरू म्हणतच नाहीत. तो परवानाधारक. मुदत संपली की बाहेर.

बाजारवादी अर्थतज्ज्ञ सगळा दोष भाडे नियंत्रणावर टाकून मोकळे होतात. भाडे गोठवल्याने खाजगी मालक मागे हटला हे खरे आहे. पण सरकारला स्वतः बांधायला कुणी अडवले होते? स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाने औद्योगिक कामगारांसाठी भाड्याच्या वसाहती बांधल्याच होत्या. नंतर धोरण बदलले. म्हाडा घरे विकू लागली. १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसनात जमीन बिल्डरच्या हाती देऊन झोपडीधारकाला मोफत मालकीचे घर, असा सौदा आला. २०१५ ची पंतप्रधान आवास योजनाही मालकीचीच. भाड्याची सरकारी योजना आठवली ती २०२० च्या टाळेबंदीत, लाखो मजूर पायी गावाकडे निघाल्यावर. तीही पुढे फारशी सरकली नाही. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींना ११ टक्के आरक्षण आहे आणि ते टिकले पाहिजे. पण सोडतीत नाव लागल्यावर बँकेत कर्जासाठी उभे राहायचे असते. ज्याला पगाराची स्लिप नाही तो तिथेच थांबतो.

दुसरीकडे रिकामी घरे पाहा. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी होती. आर्थिक पाहणी अहवालानुसार सगळ्यात जास्त मुंबईत, सुमारे ४ लाख ८० हजार. त्याच सुमारास, २०१२ साली, केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरी घरांची टंचाई १ कोटी ८८ लाखांच्या आसपास काढली, आणि ती ९५ टक्क्यांहून जास्त दुर्बल व अल्प उत्पन्न गटांत होती. घर ही राहण्याची जागा न राहता पैसा साठवण्याची तिजोरी झाली की असेच होणार.

आता आपल्या आजच्या तरुणाकडे या. तो मराठवाड्यातून, विदर्भातून पुण्याला येतो. स्पर्धा परीक्षा, इंजिनिअरिंग, कॉल सेंटर किंवा डिलिव्हरीचे काम. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. योजना आली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले. त्यात निवासासाठी २० हजार. बाराने भागा. महिन्याला १,६६७ रुपये होतात. पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर एक खाटसुद्धा एवढ्यात मिळत नाही. त्यात हप्ता वेळेवर येत नाही, आणि घरमालक अनुदान जमा होण्याची वाट पाहत नाही.

पैशाची जुळवाजुळव झाली तरी चौकशी उरते. 'आडनाव काय?' ते कळण्यासारखे नसेल तर 'गाव कुठले, गावात कुठे?' मग 'व्हेज की नॉनव्हेज?' मग 'आधी आधार कार्डाचा फोटो पाठवा, मग खोली दाखवतो.' एजंटला सगळे माहीत असते, तो फोनवरच म्हणतो, 'भाऊ, तुमचं काम इथं होणार नाही, दुसरीकडं बघू.' नकार देताना कुणी जातीचे नाव घेत नाही. 'खोली कालच गेली' एवढेच ऐकू येते. मिळाली तर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावावा की नाही हा विचार मनात येतो, आणि अकरा महिने तो फोटो बॅगेत राहतो. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या बॅगेत तो राहिलेला आहे, हे आम्हाला ठाऊक आहे.

याचा अभ्यास झालेला आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी भाड्याच्या घरांची चौकशी करून पाहिली. त्यांचा लेख २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. सवर्ण नावाला सहज मिळणारे घर दलित नावाला नाकारले गेले, किंवा जास्त भाडे आणि वेगळ्या अटी लावून देऊ केले गेले. मुस्लिम नावाचे हाल त्याहून वाईट. पैसे मोजायला तयार असलेल्या माणसाला बाजार माल विकतो, हे मुक्त बाजाराचे पहिले सूत्र. आपल्या देशात ते घरमालकाच्या उंबरठ्यावर मोडते.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते आहेत, पण राहण्याच्या घराचा उल्लेख नाही. केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात अनामत किती, दुरुस्ती कुणाची, नोटीस कधी हे सगळे आहे, पण जात-धर्म पाहून घर नाकारू नये असे एक वाक्य नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासद फक्त पारशीच असावा, हा नियम योग्य ठरवला. संघटना बनवण्याच्या स्वातंत्र्यात तो बसतो म्हणून. एका छोट्या अल्पसंख्य समाजाने आपली वसाहत राखावी याचे आम्हाला फार दुःख नाही. पण त्याच तर्काने उद्या कोणतीही उच्चजातीय सोसायटी आपल्याभोवती भिंत बांधू शकते, आणि 'फक्त शाकाहारींसाठी' या पाटीमागे ती आज बांधलेलीच आहे.

तरीही हातात अगदी काहीच नाही असे नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ चे कलम ४ काढून वाचा. कोणत्याही वस्तीत राहण्याचे घर बांधणे, मिळवणे किंवा त्यात राहणे याबाबत अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे हा तिथे गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. शिवाय कलम १२ प्रमाणे पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेमुळेच झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे, आणि तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्यातही सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा आहे, आणि व्यवहार करायला नकार देणे आर्थिक बहिष्काराच्या व्याख्येत येते. खाजगी घरमालकाच्या नकाराला ही कलमे किती लागू पडतात यावर वकील वाद घालतील. घालू द्या. वाद न्यायालयात गेल्याशिवाय निकाल लागत नाही, आणि तक्रार केल्याशिवाय वाद न्यायालयात जात नाही. एजंटचा मेसेज जपून ठेवा, फोन कधी केला ते लिहून ठेवा. 'खोली गेली' असे सांगितले त्याच दिवशी दुसऱ्या आडनावाच्या मित्राला त्याच खोलीची चौकशी करायला लावा. थोरातांच्या अभ्यासाची पद्धतही ढोबळमानाने हीच होती. सोसायटीचा सेक्रेटरी 'आमची परवानगी नाही' म्हणाला तर त्याला आदर्श उपविधी दाखवायला सांगा. सभासदाने घर भाड्याने देताना संस्थेला आगाऊ कळवायचे असते, परवानगी मागायची नसते.

अमेरिकेत काळ्या लोकांच्या चळवळीने शाळा, बस आणि मतदानाबरोबर घराचाही प्रश्न हातात घेतला. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत भाड्याच्या घरांतल्या वंशभेदाविरुद्ध उतरले. त्यांची हत्या झाल्यावर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ ला, घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश पाहण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्यात पळवाटा आहेत, मालक स्वतः राहत असलेल्या छोट्या इमारतींना सूटही आहे, आणि भेदभाव संपलेला नाही. पण नाकारलेल्या माणसाला कोणत्या कायद्याखाली दाद मागायची हे माहीत असते. पँथरचे नाव आपण तिथून घेतले, ही मागणी घ्यायची राहिली.

आता थोडे घरचे बोलू. वस्तीत दोन खोल्यांपैकी एक भाड्याने देणारे आपलेही बांधव आहेत. त्यात चूक काही नाही, म्हातारपणी तेवढाच आधार. पण पुनर्वसनाचे सर्वेक्षण आले की त्या खोलीतल्या भाडेकरूचे काय होते? फोटोपास, वीजबिल, जुनी मतदार यादी हे सगळे मालकाच्या नावावर. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तर मोफत, २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून, अशी पात्रता. भाडेकरू या यादीत कुठेच बसत नाही, आणि सर्वेक्षणाच्या आठवड्यात त्याला खोली रिकामी करायला लावतात हे वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाहिले आहे. तो भाडेकरू बहुतेकदा मातंग, मुस्लिम किंवा उत्तरेतून आलेला दलित मजूर असतो. 'फक्त आपल्याच समाजाला' असा अलिखित फलक आपल्याही काही दारांवर आहे, तोही काढला पाहिजे. सदाशिव पेठेतल्या मालकाला प्रश्न विचारायचा आणि आपल्या गल्लीत गप्प बसायचे, हे चालणार नाही.

आणि पुनर्वसनात पात्र ठरलेला तरी सुखी असतो का? इमारत उभी राहीपर्यंत त्याला बिल्डरच्या भाड्यावर बाहेर राहावे लागते. भाडे वर्षभर येते, मग थांबते, कामही थांबते. कालचा 'मालक' आज खोली शोधत फिरतो, आणि त्याला तेच प्रश्न विचारले जातात, आडनाव काय आणि गाव कुठले.

काही जुने सहकारी म्हणतील, आपल्या माणसाला आत्ता कुठे मालकी मिळायला लागली आणि तुम्ही भाड्याचे कौतुक करता. बाबासाहेबांनी मालमत्तेकडे कसे पाहिले ते 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये वाचावे. १९४७ सालच्या त्या मसुद्यात शेतजमीन राज्याच्या मालकीची करायची आणि जात-धर्म न पाहता गावकऱ्यांच्या गटांना कसायला द्यायची अशी योजना आहे. कारण जमीन खाजगी हातांत राहिली तर ती कुणाच्या हातात राहील हे त्यांना माहीत होते. अनुसूचित जातींसाठी वेगळ्या वसाहतींची मागणीही त्यात आहे. सुरक्षितता फक्त सातबाऱ्यावरच्या नावातून येते असे त्यांनी मानले नाही. मालक राज्य असावे, वापराचा हक्क पक्का असावा आणि वाटप करताना जात आड येऊ नये, हे त्या योजनेचे मर्म शेतीइतकेच शहरातल्या घराला लागू आहे.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास आता प्रत्यक्षात आला आहे. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षे १६० चौरस फुटांत काढलेल्या लोकांचा तो हक्क होता, त्यांनी तो लढून घेतला, आम्हाला त्याचा आनंद आहे. चाळीस मजली इमारतीचा देखभाल खर्च पुढे कोण आणि किती उचलणार, हा प्रश्न मात्र आत्ताच धसास लावला पाहिजे. नाहीतर घरे विकून बदलापूर-विरारला जाणारी रांग लागेल. त्याचबरोबर हेही लक्षात घ्या की मुंबईतला सार्वजनिक भाड्याच्या घरांचा एक मोठा साठा या पुनर्विकासात मालकीच्या घरांत बदलतो आहे, आणि त्या जागी भाड्याचे नवे एकही घर येत नाही. चाळीच्या त्या खोलीत ज्यांची पहिली पिढी उभी राहिली त्यांना घर मिळाले. आज लातूर-नांदेडहून येणाऱ्या पहिल्या पिढीसाठी मात्र तशी खोली कुठेच बांधली जात नाही.

म्हणून आमची मागणी जमिनीपासून सुरू होते. वरळी असो, घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर असो की धारावी, सरकारी जमिनीवरच्या प्रत्येक पुनर्विकासात विक्रीसाठी जी घरे निघतात त्यातली किमान दहा टक्के राज्याने विकू नयेत, स्वतःच्या मालकीची ठेवून भाड्याने द्यावीत. वाटप यादीने व्हावे, मुलाखतीने नाही. भाडे उत्पन्नाच्या प्रमाणात असावे, मुदत अकरा महिन्यांची नसावी, आणि विद्यार्थी, एकट्या बाया व स्थलांतरित मजूर यांचा त्यात वाटा असावा. स्वाधारची निवासाची रक्कम शहरातल्या प्रत्यक्ष भाड्याशी जोडावी. महाराष्ट्राचा भाडे कायदा पुन्हा दुरुस्तीला येईल तेव्हा जात, धर्म, आहार आणि लिंग यांवरून घर नाकारण्याला बंदी घालणारे कलम त्यात यावे, आणि आपल्या राखीव मतदारसंघांतल्या आमदारांनी ते मांडावे. मतांसाठी वस्तीत येतात तेव्हा त्यांना हे विचारता येईल.

सुरुवात माहिती अधिकाराच्या अर्जाने करता येते. म्हाडाकडे आज एकूण किती घरे भाड्याने दिलेली आहेत, गेल्या वीस वर्षांत त्यातली किती विकली गेली, आणि नव्याने भाड्यासाठी किती बांधली? अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ज्या शहरात म्हाडाचे विभागीय मंडळ आहे, म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, तिथल्या साथींनी हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे आम्हाला पाठवावीत. आम्ही ती इथे एकत्र छापू.

जय भीम!